हात धुतलेलं पाणी

माझी धाकटी जाऊ टीव्हीवर गेली
तेव्हा विट्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता.
कार्यक्रमाचं नाव 'मानाचं पान'.
बारा बायका, एक बंगला, समोर समुद्र,
शेवटी जी उरेल तिला
मोठ्या लोकांच्या क्लबात कायमची खुर्ची.

विजयमाला हे नाव त्यांच्या तोंडात मावेना,
पहिल्याच भागात तिची 'मिला' झाली.
सासूबाई म्हणाल्या, नाव बदलायचं तर
तांदळात तरी लिहायचं.

रोज रात्री साडेनऊला गल्ली आमच्या हॉलमध्ये.
कुणी भाजक्या शेंगा आणायचं, कुणी नुसती उशी.
आम्ही बघायचो :
ती पायावर पाय न टाकता बसायला शिकते आहे,
'नको' म्हणायच्या सात तऱ्हा शिकते आहे,
हसताना दात किती दिसावेत
ते एक बाई तिला पट्टीनं मोजून सांगते आहे.
चौथ्या भागात तिनं शिंक गिळली.
इथं सोफ्यावर सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

सहाव्या भागात ते जेवण.
काट्यांची पलटण डावीकडे, सुऱ्यांची उजवीकडे.
बाहेरून आत, बाहेरून आत,
तिचा हात कुठं अडला नाही,
मीच इकडे शेंग तोंडात धरून बसलेले.
मग पांढऱ्या हातमोज्यांतल्या पोरानं
काचेच्या वाटीत कोमट पाणी आणलं, वर लिंबाची चकती.
दोघी प्यायल्या. त्यांना हसून झालं.
हिनं बोटं बुडवली, अगदी हवी तशी, नुसती टोकं,
रुमालाला टिपली,
आणि त्या पोराला हळूच विचारलं,
"हे पाणी कुठं साठवता?"

ते हसू त्यांनी तीन वेळा दाखवलं,
तिसऱ्या वेळी संथ करून.
मोत्यांचा सर घातलेली बाई म्हणाली,
"मिला, डार्लिंग, ते फेकायचं असतं."

आमचा हॉल गप्प.
या गल्लीतल्या प्रत्येक घराचा एक माणूस
सेलमला, कटकला, नाहीतर गुवाहाटीला
सोनं गाळत बसलाय.
दुकान झाडलेली धूळ आम्ही पोत्यात भरतो,
जुनी चटई जाळून राख ठेवतो,
कारागिरांनी हात धुतलेलं पाणी पिंपात,
आणि वर्षाच्या शेवटी त्या गाळातून
एखाद्या पोरीच्या कॉलेजची फी निघते.
आम्ही बसलो होतो त्या हॉलची फरशी
त्या पाण्याचीच.

तेवढ्यात सेलमहून हणमंत भावजींचा फोन.
मागं भट्टीचा आवाज.
"बरोबर विचारलं तिनं," एवढंच, आणि ठेवला.

मोठमोठ्यांच्या पाटल्या, तोडे,
घराण्याचे शिक्के मारलेले डबे
मुशीत पडले की नाव पहिलं जातं.
मग सगळं सारखंच पिवळं,
फरक राहतो तो घटीचा.
त्या बाईच्या हातातलं कडं
विजयमालेनं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार.
बोलली नाही.
न बोलणं तिथं पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्याच रात्री तिचं पान उचललं.

कराड स्टेशनवर तिला आणायला मीच गेले.
हातात कार्यक्रमानं दिलेली छत्री, कडक उन्हात मिटलेली.
गाडीत मी विचारलं, समुद्र कसा असतो गं?
म्हणाली, बंद करता येत नाही.

आता सगळं पहिल्यासारखं आहे म्हणायचं.
फक्त हसायला लागली की मध्येच थांबते,
कुणी पट्टी धरल्यासारखी.

परवा भांडी घासताना, नळ चालू, आपणहून म्हणाली,
"अक्का, त्या वाटीच्या तळाला
खरंच काहीतरी चमकत होतं."
मी हात थांबवला.
"लिंबाची बी असंल," म्हणाली,
आणि ताट विसळायला घेतलं.